डबे परत करायचे आहेत

दिवाळी सरली आणि एस्तेर स्टुलावरून पडली.
उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये,
आणि घरातला सगळा डिसेंबर माझ्या हातात.
एकतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात मी गिअरबॉक्स उघडले,
पण खसखस कुठल्या बरणीत असते, ते ठाऊक नव्हतं.

ती खुर्चीवरून सांगते, मी लिहून घेतो
लाईटबिलाच्या पाठीवर:
रवा बारीक. पिठीसाखर घरीच दळायची.
खोबरं भद्रकालीतून, पण पहिल्या दुकानातलं नको,
त्याचं खवट निघतं.
बेदाणे पिंपळगावचे, काळे वेगळे, हिरवे वेगळे.
पडदे धुवायला काढायचे,
काढताना स्टुलावर चढायचं नाही.
(यावर थोडा वेळ दोघंही गप्प.)

सकाळी थंडी अशी की किक मारली
तर आधी स्कूटर खोकते, मग मी.
शालिमारला दिवाळीचे उरलेले कंदील
पुन्हा बाहेर टांगलेत, आता ते तारे झाले.
“पाच टोकांचा नाही का?”
“सातचा आहे काका. दोन कापून टाका.”
दहा रुपये कमी करून सातचाच आणला.
एस्तेर म्हणाली, मागी लोकांच्या ताऱ्याला
दोन टोकं जास्त असती, तर हेरोदाच्या दारात
पत्ता विचारायची वेळ आली नसती.

युनूसभाईच्या भट्टीवर आमचा ट्रे नंबर चौदा,
पत्र्यावर खिळ्यानं कोरलेला, सासूबाईंच्या काळातला.
तिथं रांगेत उभं राहिल्यावर कळलं,
अर्ध्या शरणपुरात मी एस्तेरबाईंचा नवरा आहे,
मला वेगळं नाव नाही.
“भाभी नाही आल्या?”
सांगितलं. त्यानं केकच्या मिश्रणात पळी फिरवून पाहिली
आणि मला न विचारता अर्धी वाटी दूध वाढवलं.

करंज्या मी केल्या. बावन्न.
सतरा तेलात उकलल्या, सारण तळाशी काळं.
एस्तेरनं डाव्या हातानं एक उचलली,
कड निरखून पाहिली.
“ही करंजी नाही, पोस्टाचं पाकीट आहे.”
आणि खाल्ली.

मग डबे.
दिवाळीत शेजारून आलेले अकरा, फ्रिजवर ओळीनं,
पोटावर नावं: सौ. नलिनी चांदवडकर, खैरनार, दुसाने,
एकावर नुसतंच ‘रुखवत १९८६’.
रिकामा डबा परत जात नाही,
हा आमच्या कॉलनीचा कुठंही न लिहिलेला करार.
दहा पोचवले. दहा ठिकाणी चहा झाला,
दहा ठिकाणी हाताची चौकशी.

अकरावा निकुंभ वहिनींचा.
त्या आता लेकीकडे, पाथर्डी फाट्याच्याही पुढे.
गेलो. दाराला कुलूप.
वॉचमन म्हणाला, आजींना दवाखान्यात नेलंय,
कधी आणतील सांगता येत नाही.
परतताना प्रत्येक गतिरोधकाला
डिकीत शंकरपाळ्या खुळखुळत होत्या.
मी स्कूटर हळू चालवली.
वाटलं होतं, एस्तेर म्हणेल, आता आपणच खाऊ.
ती म्हणाली, “फ्रिजवर ठेवा. नाव दिसेल असा.”

बावीस तारखेला प्लॅस्टर कापलं.
आतून निघाला तो हात बारीक, फिका,
कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा.
रिक्षात ती बोटं उघडत मिटत राहिली,
घरी आल्यावर चप्पल काढली आणि परात ओढली.
“खसखस द्या.”
मी रुबाबात डावीकडची तिसरी बरणी काढली.
राजगिरा निघाला.

रात्री तिच्या वीस करंज्या झाल्या, एकही उकलली नाही.
निकुंभ वहिनींचा डबा तिनं उघडला,
माझी पाकिटं बाहेर काढली, आपल्या करंज्या आत रचल्या,
झाकण दाबताना मनगट दुखलं, तोंडावर दिसलं.
“पंचवीसला उपासना सुटली की परत जाऊन या.”
“आणि कुलूप असलं तर?”
“सव्वीसला.”